सरकती ओळ आणि देवनागरीचे एकक
झेडएक्स स्पेक्ट्रम (१९८२) या गृहसंगणकाच्या पडद्यावर एका ओळीत ८ × ८ बिंदूंच्या ३२ चौकटी असतात. रोमन वर्ण एका चौकटीत मावतो. गुहागर तालुक्यातील ‘हेदवी’ या ग्रामनामातील ‘वी’ सुवाच्य काढावयाची तर दोन चौकटी लागतात. ओळ चौकटीगणिक डावीकडे सरकविल्यास उजव्या कडेला प्रथम ‘हेदव’ उमटते, वेलांटी मागाहून येते. क्षणभर निराळाच शब्द वाचला जातो. ‘रत्नागिरी’तील ऱ्हस्व वेलांटी तर व्यंजनाआधीच प्रकटते.

यावर उपाय बिंदुशः सरकविण्याचा. ओळीच्या आठही रेषांतील ३२ बाइट उजवीकडून क्रमाने फिरवून प्रत्येकातून बाहेर पडणारा बिट डावीकडील बाइटात घ्यावयाचा. एका पावलास अशी २५६ आवर्तने होतात. मग वेलांटी शिरोरेखेला धरूनच आत येते व अपुरे अक्षर अपुरेच दिसते. तात्पर्य, देवनागरीचे एकक चौकट नसून अक्षर होय.