आधी घासणे, मग हाड

कल्हईवाला कथिलाला हात लावण्याआधी भांडे घासतो. काळवंडलेल्या तांब्यावर कल्हई धरत नाही, वरून कितीही कथील फिरवा. दाताच्या इम्प्लांटभोवतीचे हाड झिजू लागते तेव्हाही अडचण याच जातीची असते. आपण मात्र विचारतो ते दुसरेच: कोणते अँटिबायोटिक द्यायचे, हाडाची कोणती भुकटी भरायची, वर कुठला पडदा घालायचा. ही सगळी कथिलाची चौकशी झाली. ज्या धातूवर हाडाने पुन्हा धरायचे तो स्वच्छ झाला आहे का, हा प्रश्न आधी यायला हवा आणि उपचाराचा बहुतेक वेळ त्याच कामाला द्यायला हवा, असे माझे मत आहे.

टायटॅनियम हाडाशी एकजीव होते, हे स्वीडनमधल्या पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांना 1950च्या दशकात सशांवरच्या प्रयोगांत दिसले. हाडात बसवलेले टायटॅनियमचे भाग नंतर निघेनात. 1965 मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात इम्प्लांट बसवले. टायटॅनियमला हवा लागली की त्यावर ऑक्साइडचा जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचा थर तयार होतो आणि हाडाची गाठ पडते ती या थराशी. पुढे वाळूसारख्या कणांचा मारा करून आणि आम्लात बुडवून हा पृष्ठभाग मुद्दाम खडबडीत करू लागले, कारण त्यावर हाड लवकर आणि घट्ट धरते. पण हिरडीखालचे हाड एकदा खाली सरकले की तोच खडबडीतपणा जिवाणूंच्या पथ्यावर पडतो. जिवाणू साधारण एक मायक्रोमीटरचा आणि त्या पृष्ठभागावरचे खळगेही त्याच मापाचे. जिवाणू तिथे सुटेसुटे राहत नाहीत. स्वतःच तयार केलेल्या चिकट थरात ते वस्ती करतात आणि त्यावर कीटण साचते. मग हिरडीतून रक्त येते, पू येतो आणि हाड विरघळत जाते. हा आजार क्वचित होणारा नाही. अनेक अभ्यास एकत्र करून 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात इम्प्लांट असलेल्या सुमारे 22 टक्के रुग्णांत तो आढळला.

दूषित झालेला धातू कायमचा बाद होतो का? कुत्र्यांवरच्या दोन प्रयोगांनी याचे उत्तर बरेच स्पष्ट केले. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात जिवाणूंचा थर साचलेली इम्प्लांट काढून घेतली, सायट्रिक ॲसिडने, सलाइन आणि ब्रशने किंवा हायड्रोजन पेरॉक्साइडने साफ केली आणि निरोगी हाडात पुन्हा बसवली. हाड त्यांना धरले. म्हणजे एकदा मळलेला धातू साफ केल्यावर हाडाला चालतो. 2001च्या प्रयोगात आजारी इम्प्लांट जागेवर ठेवूनच अँटिबायोटिक दिले आणि धातू सलाइनमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसला. गुळगुळीत इम्प्लांटवर सुमारे 22 टक्के भागात हाड पुन्हा जोडले गेले, खडबडीत इम्प्लांटवर तब्बल 84 टक्के भागात. खडबडीत पृष्ठभाग मळ धरतो म्हणून तो मुळातच वाईट, असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात घ्यावा. घासायला अवघड असलेली जागाच, साफ झाली तर, हाडाला जास्त मानवते.

अडचण तोंडाच्या आत आहे. पहिल्या प्रयोगात इम्प्लांट हातात घेऊन सगळ्या बाजूंनी घासता आले. रुग्णाच्या जबड्यात ते अरुंद खड्ड्यात उभे असते. स्क्रूच्या आट्यांची वरची बाजू दिसते, खालची दिसत नाही, आणि हत्यार नेमके तिथेच पोहोचत नाही. प्लास्टिकच्या हत्याराने थर नुसता पसरतो आणि प्लास्टिकचे तुकडे मागे राहतात. स्टीलच्या हत्याराने धातूवर ओरखडे पडतात. टायटॅनियमचा फिरता ब्रश उघड्या आट्यांत चांगले काम करतो. ग्लायसिन किंवा एरिथ्रिटॉल यांची बारीक पूड हवेच्या झोताने मारली तर ती खळग्यांत शिरते. मात्र हवा ऊतींत घुसून सूज येऊ नये म्हणून झोत जपून धरावा लागतो. अलीकडची एक पद्धत मला विशेष आशादायक वाटते. इम्प्लांटलाच विजेचे ऋण टोक करून त्यावर सोडियम फॉर्मेटचे द्रावण सोडतात. धातूच्या पृष्ठभागावरच हायड्रोजनचे बुडबुडे उठतात आणि थराला आतून उचलतात. जिथे द्रावण पोहोचते तिथे बुडबुडा पोहोचतो, हे तिचे बळ. तिच्या यशाचा पुरावा मात्र अजून थोड्या रुग्णांपुरता आहे.

इतकी खटपट करण्यापेक्षा औषधाने जिवाणू मारता येणार नाहीत का? स्वीडनमध्ये 100 रुग्णांवर शस्त्रक्रियेच्या जोडीला हेच तपासले गेले. 2016 मध्ये आलेल्या निष्कर्षांत क्लोरहेक्सिडिनने धुतल्याचा फायदा दिसला नाही. अँटिबायोटिकच्या गोळ्यांनी खडबडीत इम्प्लांटांना वर्षभर मदत झाली, पण तीन वर्षांनी पाहिले तेव्हा ती टिकली नव्हती. मला यात नवल वाटत नाही. मेलेले जिवाणू आणि त्यांचा चिकट थर धातूवरच राहिला, तर हाडाला ऑक्साइडचा थर भेटणार कसा? याच अभ्यासात वर्षाअखेर सगळ्या निकषांवर यश मिळाले ते फक्त 45 टक्के इम्प्लांटांत, हेही रुग्णाला आधीच सांगायला हवे. मग इम्प्लांट काढून नवेच का बसवू नये? ते हलत असेल तर काढावेच लागते. पण न हलणारे इम्प्लांट खालच्या भागात हाडाला घट्ट असते. ते उपटताना चांगले हाडही जाते आणि नव्यासाठी जागा उरेलच असे नाही.

सगळ्यात वजनदार आक्षेप मात्र वेगळा आहे. उपचारानंतरच्या एक्स-रेमध्ये खड्डा भरलेला दिसतो, पण नवे हाड धातूला धरले की नुसते शेजारी उभे राहिले, हे एक्स-रे सांगू शकत नाही. त्यासाठी इम्प्लांट हाडासकट कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागते आणि बरे होत असलेल्या माणसाच्या बाबतीत ते कोणी करणार नाही. हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणूनच रक्त आणि पू थांबणे, हिरडी आणि इम्प्लांट यांच्यामधल्या फटीची खोली कमी होणे आणि हाडाची झीज पुढे न सरकणे यालाच मी आज यश म्हणेन. झीज पुढे सरकली की नाही हे ठरवायला सुरुवातीची खूण लागते. ती खूण म्हणजे इम्प्लांटवर कॅप बसवली त्या दिवशीचा एक्स-रे. रुग्णाने तो मागून घ्यावा आणि कॅपच्या कडेखाली दातांच्या फटीतला छोटा ब्रश शिरतो का, हेही त्याच वेळी आरशासमोर करून पाहावे.