कुंपणाची परीक्षा शेळी घेते

घराभोवती कोणतं कुंपण लावावं, हे लोक रोपवाटिकेत जाऊन विचारतात. अहिल्यानगर जिल्ह्यात (बोलण्यात अजून नगरच) ते शेळीला विचारायला हवं. जास्वंदीची हिरवीगार रांग एका दुपारी खराट्यासारखी करून टाकणारं हे जनावर तारेच्या जाळीतूनही मान घालतं. म्हणून पहिली अट फुलांची नाही की रंगाची नाही. शेळीने तोंड लावता कामा नये. दुसरी अट पाण्याची. पश्चिमेला घाटघरवर काही हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, पण कर्जत, जामखेड, श्रीगोंदा, पारनेर सगळे पर्जन्यछायेत. मार्च ते जून टँकरच्या पाण्यावर जगणाऱ्या घरात सोनेरी पानांचा डुरांटा पोसणं ही चैन आहे. त्यात त्याची पिवळी फळं विषारी, आणि लहान मुलांच्या हाताला नेमकी ती लागतात.

दोन्ही अटींत उतरणारी झुडपं आपल्या बांधावर आधीपासून आहेत. अडुळसा कडू, निरगुडीला उग्र वास, आणि कोयनेलचं तर लोक नावच ‘कडू कोयनेल’ घेतात. शेरही उतरतो, पण त्याचा चीक डोळ्यात गेला तर दवाखाना गाठावा लागतो. मुलांच्या अंगणात तो नकोच. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजारने चराईबंदी करून हा प्रश्न मुळातून सोडवला. तिथे जास्वंद खुशाल लावावी. बाकीच्या गावांना हे जमलेलं नाही.

कुंपणाचं झाड जमीन बघून निवडावं, ही समज जुनी आहे. मिठावरचा कर चुकवला जाऊ नये म्हणून इंग्रजांनी करसीमा आखली आणि तिच्यावर पंजाबातून बऱ्हाणपूरच्या दिशेने शेकडो मैल जिवंत कुंपण वाढवलं. पुढे काँग्रेसच्या स्थापनेशी ज्यांचं नाव जोडलं गेलं, ते ॲलन ह्यूम १८६७ पासून काही वर्षं ही सीमा सांभाळणाऱ्या जकात खात्याचे आयुक्त होते. कोणत्या मातीत कोणतं काटेरी झुडूप तग धरतं, याचे प्रयोग त्यांनी केले. बाभूळ, बोर, करवंद, शेराच्या जातीची झाडं, आणि जिथे काहीच येत नाही तिथे निवडुंग. १ एप्रिल १८७९ ला ती करसीमा मोडीत निघाली आणि कुंपणही हळूहळू नाहीसं झालं. कर अन्यायाचा होता, पण झाडांची निवड मात्र शहाणपणाची होती.

दख्खनच्या गावांभोवतीचा फड्या निवडुंग मुळात अमेरिकेतला पाहुणा. त्याच्यावर पोसणारा लाल रंगाचा किडा १७९५ मध्ये रंगाच्या व्यापारासाठी भारतात आणला गेला. आली भलतीच जात. रंग हलका निघाला, पण निवडुंगाची एक जात तिने बऱ्याच भागांतून साफ केली. १९२६ मध्ये दुसरी जात श्रीलंकेतून दक्षिण भारतात मुद्दाम आणली, ती रानभर माजलेला निवडुंग मारायलाच. कुंपण म्हणून लावलेलं झाड असं हाताबाहेर जातं. वेडी बाभूळ आणि घाणेरी आजही तेच करताहेत, तेव्हा फुकट मिळाली तरी नको.

नगरच्या मातीची गाऱ्हाणी पंडित नेहरूंनीही मांडली आहेत. १९४२ ते १९४५ ते किल्ल्यात कैदेत होते, तिथे त्यांनी वाफे खणले, आणि दगड-राडारोड्याने भरलेल्या त्या जमिनीबद्दल लिहून ठेवलं. नव्या बंगल्याभोवती आज तेच असतं: वर मुरूम, खाली बांधकामाचा राडा. नुसता खड्डा पुरत नाही; चर खणावा लागतो. मे महिन्यात दीड फूट रुंद आणि तेवढाच खोल चर काढून उन्हात तापू द्यावा. मग पोयट्याची माती आणि कुजलेलं शेणखत भरावं. वाळवीचा त्रास असेल तर निंबोळी पेंड. चांगला पाऊस झाला की कोयनेलचे पेन्सिलीएवढ्या जाडीचे, वीतभर लांबीचे फाटे तिरपे खोचायचे. दोन ओळी, फूट-फूट अंतर, एका ओळीतलं रोप दुसरीतल्या दोन रोपांच्या मधोमध.

कोयनेल मुळात समुद्रकाठचं, खारफुटीच्या कडेला वाढणारं झुडूप आहे. खाऱ्या पाण्याची त्याला सवय. प्रवरेच्या कालव्यांखाली वर्षानुवर्षं उसाला पाणी देऊन चोपण झालेल्या जमिनीत म्हणूनच ते टिकतं. कोरड्या, हलक्या जमिनीत मेंदी बरी. तिचं बी मात्र काही दिवस भिजवावं लागतं, रोज पाणी बदलून. नाहीतर रुजत नाही.

खरी चूक पहिल्या वर्षी होते. रोप उंच होताना बघून माणूस सुखावतो आणि कात्री लावत नाही. मग वर झुबका आणि खाली उघडे बुंधे. गुडघ्याला लागायच्या आत शेंडा खुडावा, पुन्हा फुटलं की पुन्हा. छाटताना तळ रुंद आणि माथा अरुंद ठेवावा, म्हणजे खालच्या पानांना ऊन मिळतं. घाई असलेले लोक कोनोकार्पस लावतात. गुजरातच्या वनखात्याने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. परागकणांनी होणारा त्रास आणि गटारं, पाइप यांत शिरणारी मुळं ही कारणं. आपण तरी ते विकत का घ्यावं?

करवंदीची घाई करून चालत नाही. मे महिन्यात अकोले तालुक्याच्या डोंगरातून टोपल्या भरून करवंदं येतात; खाऊन उरलेलं बी त्याच पावसात पेरावं, कारण ते साठवलं की उगवण जाते. तीन-चार वर्षांनी मात्र मांजरही आत शिरणार नाही असं कुंपण होतं.

त्याच अकोल्यात कुंपणाचा हिशोब उलटा होतो. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी तिथल्या उसाच्या पट्ट्यात कॅमेरे लावून केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. दाट वस्तीच्या शेतभागात दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे ५ प्रौढ बिबटे निघाले. अकोले-संगमनेरच्या वस्तीवर म्हणून गच्च झाडी दाराशी नको. तिथे कोयनेल कमरेइतकीच ठेवावी, वर सांगितलेला नियम मोडून बुंधे उघडे करावेत, म्हणजे ओट्यावरून पलीकडचं दिसतं. खालच्या दोन फुटांना जाळी मारली की शेळी मान घालेल, पण आत शिरणार नाही. पावसाळ्यात महिन्याला कात्री फिरवावी लागते. कोयनेलला ती मानवते. गच्च करवंदीची जागा तिथे अंगणापासून लांब, बांधावर.