दुसरी तार कुठून येते?

व्हॉइस गेटवे दिसायला अगदीच बेताची वस्तू. रॅकमध्ये बसणारा पत्र्याचा चपटा डबा; त्यात एकीकडे जुन्या टेलिफोनच्या जोड्या खोचलेल्या, दुसरीकडे इथरनेटची दोन पोर्ट. फोनवरचा आवाज हा डबा साधारण २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत कापतो आणि सेकंदाला ५० पाकिटे नेटवर्कवर रवाना करतो. हे सगळे एकाच पोर्टातून जाते. दुसरे नुसते बसून असते. पहिले पडले की काम उचलायचे, एवढीच त्याची नोकरी.

सातारा-सांगली पट्ट्यात ही नोकरी पावसाळ्यात मोलाची ठरते. कोयना धरणात १०५ टीएमसी पाणी मावते. दरवाजे उघडले की ते पाणी कराडला कृष्णेत उतरते आणि सांगलीकडे निघते. तिथे १९२९ सालच्या आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. अशा दिवसांत ‘किती सोडलंय?’ आणि ‘पुलाला किती फूट?’ हे दोनच प्रश्न सगळ्यांच्या तोंडी असतात, आणि ते विचारायला फोन चालू लागतो.

गेटवेची युक्ती सोपी आहे. दोन्ही पोर्टांचा पत्ता एकच. केबल निसटली, उंदराने कुरतडली किंवा पलीकडचा स्विच मेला, की तो राखीव पोर्ट पुढे करतो आणि नेटवर्कला आपण होऊन कळवतो की हा पत्ता आता या दाराशी. सगळे जुळून आले तर बोलणाऱ्याला एखादे अक्षर गिळल्यासारखे वाटते, बस्स.

जुळत मात्र नेहमी नाही. नेटवर्कमध्ये पाकिटे गोल गोल फिरू नयेत म्हणून स्विच नव्याने जागे झालेले पोर्ट आधी तपासून घेतो. जुन्या स्पॅनिंग ट्री पद्धतीत १५ सेकंद ऐकणे आणि १५ सेकंद शिकणे. तोवर दिवा हिरवा, आवाज बंद. अर्धा मिनिट ‘हॅलो, हॅलो’ करत कोण थांबणार? म्हणून राखीव लिंक आधीपासून जागती ठेवतात, किंवा ‘इथे पुढे दुसरा स्विच नाही, थेट सोड’ असे त्या पोर्टावर नोंदवून ठेवतात.

खरा लबाड बिघाड निराळाच. स्विच ठणठणीत, दिवा हिरवा, आणि पुढे दोन किलोमीटरवर रस्त्याच्या कामात जेसीबीने फायबर तोडलेली. गेटवेला दिसतो तो फक्त आपल्या दारातला दिवा. त्यामुळे पलीकडच्या सर्व्हरला ठरावीक वेळाने हाक मारून उत्तर येते का, हे पाहायची सोय चालू करावी लागते. ती चालू केली तरी दोन्ही केबली एकाच स्विचला लावल्या असतील तर दुसऱ्या पोर्टाची किंमत त्या केबलीपुरतीच. दोन स्विच घेतले, पण दोन्ही सांगलीतल्या हरभट रोडवरच्या तळमजल्यावर एकाच रॅकमध्ये असले, तर पूर दोघांनाही एकाच वेळी गाठतो. दोन कंपन्यांच्या फायबर घेतल्या आणि दोन्ही नदी ओलांडताना एकाच पुलावरून आल्या, तरी तीच गत. विकत घेताना पोर्ट किती, हे सगळे विचारतात; दुसरी तार कोणत्या रस्त्याने येते, हे विचारणारा विरळा.

विजेचे तर आणखीच अवघड. जुन्या एक्स्चेंजची ४८ व्होल्टची बॅटरी थेट घरातल्या फोनलाही करंट पुरवायची. गावाची वीज गेली तरी रिसीव्हरमध्ये टोन असायचा. गेटवेला ती मिजास परवडत नाही. यूपीएस संपला की दोन्ही पोर्ट एकदमच मरतात. म्हणून काही गेटवेंमध्ये एक छोटा रिले ठेवतात: वीज गेली की तो एक फोन बाहेरच्या तांब्याच्या लाइनला परस्पर जोडून देतो. तांब्याची लाइन काढून फायबर घेतलेल्या इमारतीत मात्र त्या रिलेला जोडायला बाहेर काहीच नसते, आणि सगळी भिस्त पुराच्या धास्तीने वरच्या मजल्यावर हलवलेल्या बॅटरीवर येते.