एंट जिंकले, वंश बुडाला

शेक्सपिअरच्या 'मॅक्बेथ'मध्ये राजाला भाकीत ऐकवलं जातं, की बर्नमचं अरण्य डन्सिनेनच्या टेकडीवर चालून येत नाही तोवर तुला भय नाही. अरण्य येतं, पण ते खरं नसतं. सैनिकांनी फांद्या तोडून अंगाआड धरलेल्या असतात. शाळेत असताना या प्रसंगाने जे. आर. आर. टॉल्किन यांची घोर निराशा झाली. झाडं खरोखरच लढाईला निघतील अशी गोष्ट असायला हवी, अशी तळमळ त्यांना लागून राहिली. १९५५ साली कवी डब्ल्यू. एच. ऑडन यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी ती बोलून दाखवली. तोवर त्यांची झाडं लढून मोकळी झाली होती. १९५४ मध्ये 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा दुसरा खंड 'द टू टॉवर्स' प्रसिद्ध झाला आणि एंट नावाची जमात वाचकांना भेटली.

एंट म्हणजे झाडांचे राखणदार. ते झाडं नव्हेत आणि माणसंही नव्हेत. त्यांच्यातला सर्वांत वडीलधारा ट्रीबिअर्ड चौदा फूट उंच, पायाला सात-सात बोटं, आणि अंगावर आहे ते कातडं की साल हे पाहणाऱ्याला कळू नये असा. त्यांना बोलायला एल्फ नावाच्या जमातीने शिकवलं. पण त्यांची स्वतःची भाषा इतकी संथ, की जे सांगायला पुष्कळ वेळ द्यावासा वाटत नाही ते त्या भाषेत ते बोलतच नाहीत. झाड आणि एंट यांच्यातली सीमाही पक्की नाही. काही झाडं हळूहळू जागी होतात, तर काही एंट पेंगत पेंगत झाडच होऊन जातात. ट्रीबिअर्ड धरून सर्वांत जुने असे आता तिघेच उरलेत. बाकीच्या दोघांपैकी लीफलॉक गुडघाभर गवतात उभा राहून जवळजवळ झोपीच गेला आहे. स्किनबार्कला ऑर्क या दुष्ट जमातीने घायाळ केलं, त्याची झाडं तोडली, तेव्हापासून तो उंच डोंगरउतारावर गेला तो खाली उतरलेलाच नाही.

पीटर जॅक्सन यांच्या २००२ सालच्या चित्रपटात एंट युद्धाला आधी नकार देतात आणि तोडलेल्या झाडांचे बुंधे डोळ्यांनी पाहिल्यावर चवताळतात. पडद्यावर ते दृश्य परिणामकारक आहे, पण त्यात एंटांवर अन्याय झालाय असं मला वाटतं. कादंबरीत त्यांना कुणी डिवचावं लागत नाही. जादूगार सारुमान आपल्या भट्ट्यांसाठी जंगल तोडतोय, कित्येक झाडं तर नुसतीच आडवी करून कुजत टाकतोय, हे त्यांना ठाऊक असतं. ते तीन दिवस सभा भरवतात आणि आपणहून निर्णय घेतात. यातून आपण परत येणार नाही, ही कदाचित एंटांची शेवटचीच चाल ठरेल, हे ट्रीबिअर्ड वाटेत बोलूनही दाखवतो. निघतात ते जेमतेम पन्नासेक. शतकानुशतकं मुळं खडकाशी जे करतात ते एंट सारुमानच्या आयझेनगार्ड या गडाच्या तटाशी एका रात्रीत करतात, आणि मग नदीचं पाणी वळवून त्या भट्ट्या बुडवतात.

इतर लेखकांनी वृक्षजीवांना वेगळी नियती दिली. टॉल्किन यांचे मित्र सी. एस. लुईस यांच्या 'द लास्ट बॅटल'मध्ये तिकडे दूर बीचचं झाड तोडलं जातं आणि इकडे त्याची वृक्षकन्या राजासमोर कोसळून मरते. मार्व्हलच्या चित्रपटातल्या ग्रूटची एक काटकी उरली तरी तिला कोंब फुटतो. एक कुऱ्हाडीने मरते, दुसरा कुऱ्हाडीला पुरून उरतो. एंटांचं दुःख या दोन्हींत बसत नाही, कारण त्यांचा घात कुऱ्हाडीने केलेलाच नाही.

एंटांना पोरं नाहीत. युगानुयुगं एकही बाळ-एंट जन्माला आलेला नाही, कारण एंटिणीच नाहीशा झाल्या आहेत. एंटांना आवडायची रानं: आपोआप वाढलेली, जशी असतील तशी. एंटिणींचा जीव बागांत, फळझाडांत, शेतात. रोपांनी आपलं ऐकावं, सांगू तिथे वाढावं, वेळेवर फळावं असं त्यांना वाटे. त्या थोरल्या नदीपलीकडे गेल्या, तिथे त्यांनी मळे फुलवले, माणसांना शेती शिकवली. एंट अधूनमधून भेटायला जायचे. मग त्या भेटींमधलं अंतर वाढत गेलं. एकदा ते गेले तेव्हा मळ्यांच्या जागी जळकी, उजाड जमीन होती आणि एंटिणी कुठे गेल्या ते कुणाला धड सांगता येईना. १९५४ सालच्या एका पत्रात टॉल्किन यांनी आपलं मत दिलं आहे: फार पूर्वीच्या एका युद्धात कादंबरीतला मुख्य खलनायक सॉरॉन याने शत्रूची वाट रोखण्यासाठी तो मुलूख जाळला, त्यात बागांबरोबर एंटिणीही संपल्या असाव्यात.

हे दुःख मला केवळ कल्पनेतलं वाटत नाही. १८९५ साली दक्षिण आफ्रिकेतल्या न्गोये जंगलात जॉन मेडली वूड या वनस्पतिशास्त्रज्ञाला सायकड वर्गातली एक वनस्पती सापडली. सायकडमध्ये नर आणि मादी झाडं वेगळी असतात. सापडलेलं झाड नर होतं. त्याच्या बुंध्याला फुटलेल्या पिलांपासून वाढवलेली झाडं आज जगभरच्या उद्यानांत आहेत, लंडनच्या क्यू उद्यानातही १८९९ पासून एक आहे. ती सगळी नर, सगळी मुळात त्या एकाच झाडाची. मादीचा शोध अलीकडे ड्रोन उडवूनही घेतला गेला. ती सापडलेली नाही. कोस्टा रिकात काम करणारे परिसंस्थाशास्त्रज्ञ डॅनियल जॅन्झेन यांनी कुरणांत एकट्या उरलेल्या अशा झाडांना जिवंत असूनही मेलेली म्हटलं होतं: झाड डेरेदार उभं असतं, पण त्याच्यामागे येणारं रोप नसतं. जंगल मोजताना आपण उभे बुंधे मोजतो आणि इथेच फसतो. पायथ्याशी नवं रोप आहे का, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

कादंबरीतलं युद्ध संपल्यावर आयझेनगार्डचं काय होतं ते वाचताना मी दर वेळी थांबतो. एंट तिथले दगड उचलून टाकतात आणि त्या जागी फळझाडांची बाग लावतात. रानाखेरीज ज्यांना काही नको होतं त्यांनी अखेर नेमकं तेच केलं, जे एंटिणींना हवं होतं. पण ते पाहायला एंटिणी उरल्या नाहीत. राजा ॲरागॉर्न म्हणतो, आता पूर्वेचे मुलूख खुले झालेत, शोधा. ट्रीबिअर्ड मान हलवतो. रानं पसरतील, एंट वाढणार नाहीत, हे त्याला कळून चुकलेलं आहे. तरीही निरोप घेताना तो हॉबिट या बुटक्या जमातीतल्या मित्रांना बजावतो, तुमच्या मुलखात एंटिणींची काही खबर लागली तर कळवा.

पहिल्या खंडाच्या सुरुवातीला हॉबिटांच्या शायर या मुलखाच्या उत्तरेकडे चालतं झाड पाहिल्याची एक वदंता येते. तिच्या आधाराने वाचक वर्षानुवर्षं एंटिणी जिवंत असल्याचं सिद्ध करू पाहतात. ती ओढ मी समजू शकतो. पण लेखकाने त्यांना परत आणलं नाही हेच योग्य केलं. रानावरचं प्रेम आणि बागेवरचं प्रेम यांची फारकत झाली की नुकसान भरून येत नाही, हे सांगायचं तर शेवट असाच हवा.

ज्यांनी फक्त चित्रपट पाहिला आहे त्यांनी 'द टू टॉवर्स'मधलं ट्रीबिअर्डच्या नावाचं प्रकरण वाचावं. इंग्रजी जड जात असेल तर मुग्धा कर्णिक यांनी केलेला 'स्वामी मुद्रिकांचा' हा मराठी अनुवाद आहे. घाई मात्र करू नका, ट्रीबिअर्डला ती आवडत नाही.