विज्ञानकथेतला 'समजा'

हवामान बदलावर विज्ञानकथा लिहा, अशी स्पर्धा जाहीर झाली की आम्हा शिक्षकांच्या टेबलावर पंधरा-वीस वह्या येतात आणि निम्म्यांत झाड बोलत असते. 'मला तोडू नका' म्हणते आणि गोष्ट संपते. झाडाबद्दल आमची तक्रार नाही, पण यात विज्ञान कुठे आहे?

विज्ञानकथेत एक 'समजा' असतो आणि पुढचे सारे त्याला धरून घडावे लागते. बेगम रोकेया सखावत हुसेन यांची 'सुलतानाज ड्रीम' 1905 साली मद्रासच्या मासिकात छापून आली. समजा, कारभार बायकांच्या हाती आला तर? मग तिथे उन्हाच्या उष्णतेवर स्वयंपाक होतो, चुलीला धूर नाही. फुग्याला नळ्या जोडून हवेतले पाणी खाली आणतात. लिहिणारी बाई शाळेत गेलेली नव्हती. इंग्रजी तिला थोरल्या भावाने घरी शिकवले.

कोकणातल्या मुलांना विषय शोधायला लांब जावे लागत नाही. 3 जून 2020 रोजी निसर्ग वादळाने श्रीवर्धनकडच्या सुपारीच्या बागा आडव्या केल्या. नवे रोप फळ धरायला पाच-सात वर्षे घेते. एकाच वादळाचे खापर हवामान बदलावर फोडता येत नाही, हे मुलांना सांगावेच लागते. पण समुद्र तापला की वादळाला जोर मिळतो आणि हवा एक अंशाने तापली की सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरते, हे पक्के आहे. आता 'समजा' करा: रोप फळावर येण्याआधी पुन्हा वादळ आले तर? मासळी वाळवायला उन्हाचे दिवसच कमी मिळाले तर? दादीला विचारा, तिच्या लहानपणी मिरगाचा पाऊस कसा यायचा.

भीती वेगळीच असते. घरी उर्दू, दखनी नाहीतर कोकणी. 'आमचे मराठी कच्चे, नाव वाचूनच वही बाजूला ठेवतील,' असे आई-अब्बाही म्हणतात. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला जयंत नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा 'नारायण विनायक जगताप' या नावाने पाठवली. अक्षरही दुसऱ्याचे. पहिले बक्षीस मिळाले. आपल्या मुलांना वाटते नाव आड येईल. त्यांना वाटत होते, नाव मदतीला येऊ नये. दोघांनाही परीक्षकाने कथाच वाचायला हवी असते. मुलांनी गोष्ट आधी घरच्या बोलीत सांगावी, मराठीत मग उतरवता येते.

सातवीतल्या एका मुलीने यंदा सुपारीची बाग घेतली आहे. नाना रोपे लावतात, मामू बाग विकू म्हणतो. शेवट अजून जमलेला नाही. वही सध्या नानांकडे आहे.