जेवता जेवता खगोलशास्त्र

१९५०च्या उन्हाळ्यात लॉस अलामॉसला भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी सहकाऱ्यांबरोबर जेवायला निघाले होते. वाटेत उडत्या तबकड्यांचा विषय निघाला, मग गप्पा भलतीकडेच वळल्या. जेवता जेवता फर्मींनी एकदम विचारलं, मग हे सगळे आहेत तरी कुठे? परग्रहांवरच्या जीवांविषयीचा हा प्रश्न आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

पुण्यात अशा गप्पांना हक्काची जागा मिळाली ती विद्यापीठाच्या आवारात. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८८ साली आयुका ही खगोलशास्त्राची आंतरविद्यापीठीय संस्था स्थापन केली, जयंत नारळीकर तिचे संस्थापक-संचालक. वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी तिची इमारत उभारताना बाहेरच्या भिंतींना आधी काळा दगड, त्यावर कडप्पा आणि सर्वांत वर चकचकीत काळा ग्रॅनाइट दिला. नजर वर जावी तसा अंतराळाचा काळोख दाट होत जातो. आत मधोमध कुंड आहे, पायऱ्यांवर कुणीही टेकावं असं.

आयुकाचं खरं वेगळेपण मात्र तिच्या अभ्यागत सहयोगींच्या योजनेत आहे. देशभरातल्या विद्यापीठांतले आणि महाविद्यालयांतले शिक्षक ठरावीक मुदतीसाठी सहयोगी होतात, सवडीने इथे येऊन राहतात, संशोधन करतात. आपल्या गावी खगोलशास्त्र करणारा असा शिक्षक बहुधा एकटाच असतो. अशा माणसाला ग्रंथालय आणि संगणक हवेतच, पण समोर ताट घेऊन बसलेला, त्याच विषयातला दुसरा माणूस त्याहून हवा असतो. व्याख्यानात आपण झालेलं काम सांगतो, जेवताना अडलेलं सांगतो. संशोधनातली भागीदारी बहुतेक वेळा या अडलेल्यातूनच जुळते, म्हणून ही वेळ वाया जाते असं मानणाऱ्या प्रशासकांशी मी भांडायला तयार आहे. शेजारीच टीआयएफआरचं रेडिओ खगोलशास्त्राचं केंद्र एनसीआरए, म्हणजे खोडदच्या तीस अँटेनांच्या रेडिओ दुर्बिणीची माणसं. दोन्ही संस्थांचे पीएचडीचे विद्यार्थी सुरुवातीचे अभ्यासक्रम एकत्रच शिकतात.

विषयाची कुंपणं ओलांडली की काय होतं, याचं उदाहरण याच आवारात आहे. सजीवांची बीजं अवकाशातून आली असावीत, हे खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल आणि चंद्र विक्रमसिंघे यांचं म्हणणं नारळीकरांना तपासून पाहायचं होतं. एप्रिल २००५मध्ये हैदराबादहून इस्रोच्या प्रयोगाचा फुगा उडाला. त्याच्याबरोबर निर्जंतुक, निर्वात केलेल्या पोलादी नळ्या द्रवरूप निऑनमध्ये बुडवून पाठवल्या होत्या. २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा त्यांत भरून खाली आली. पुढचं काम खगोलशास्त्रज्ञांच्या हातातलं नव्हतं. हैदराबादची सीसीएमबी आणि पुणे विद्यापीठाच्याच आवारातली एनसीसीएस या पेशी-जीवशास्त्राच्या संस्थांनी नमुने तपासले. जिवाणूंच्या १२ आणि बुरशीच्या ६ वसाहती मिळाल्या. त्यांत जिवाणूंच्या तीन प्रजाती नव्या निघाल्या. एकीला हॉईल यांचं नाव मिळालं, दुसरीला इस्रोचं, तिसरीला आर्यभटाचं.

हे जीव वरून आले की इथूनच वर गेले, ते या प्रयोगातून ठरलं नाही. ते ठरवायचं तर त्यांच्या पेशींतल्या मूलद्रव्यांची समस्थानिकं मोजावी लागतील, आणि खालची धूळ किती उंच चढते हेही कुणीतरी सांगावं लागेल. भूरसायन आणि वातावरणशास्त्राच्या लोकांना जेवायला बोलवायला हवं.