नवसागरातले चार बंध

कोऑर्डिनेट बंधात एक अणू आपली इलेक्ट्रॉनांची जोडी दुसऱ्याला देऊन टाकतो, हा समज अकरावी-बारावीत पक्का बसतो. वहीतला बाण देणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे काढलेला असतो, त्यामुळे जोडीही तिकडे गेली असे वाटते. पण जोडी कुठेही जात नाही. नेहमीच्या सहसंयुज बंधासारखीच ती दोन्ही केंद्रकांमध्ये सामायिक असते. सहसंयुज बंधात दोघे एकेक इलेक्ट्रॉन आणतात, इथे दोन्ही एकाच्याच पदरचे असतात, एवढेच.

कल्हईवाला तापल्या भांड्यावर नवसागर टाकतो तेव्हा पांढरा धूर उठतो. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. उष्णतेने त्याचे अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड हे दोन वायू होतात आणि हवेत गार होताच ते पुन्हा जुळून घन कण बनतात. तो धूर याच कणांचा. जुळताना नायट्रोजनजवळची मोकळी जोडी इलेक्ट्रॉन नसलेल्या प्रोटॉनला बांधून घेते आणि अमोनियम आयन तयार होतो. हा चौथा बंध अमोनियातल्या मूळच्या तीन बंधांहून वेगळा राहतो, असे अनेक जण धरून चालतात. तसे असते, तर नवसागर जड पाण्यात, म्हणजे हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम हा त्याचाच जड प्रकार असलेल्या पाण्यात, विरघळवल्यावर प्रत्येक आयनातला तो एकच हायड्रोजन सुटून त्याच्या जागी ड्युटेरियम आला असता. प्रत्यक्षात चारही जागा बदलता येतात. चारही बंधांची लांबी, ताकद सारखीच. नायट्रोजनवर लिहिलेले अधिक चिन्हही हिशेबापुरते. खरा धनप्रभार बहुतांशी हायड्रोजनांवर पसरलेला असतो.

मग वेगळे नाव कशाला, असा आक्षेप येतो. अमोनियमपुरता तो मान्य करायला हवा, पण सरसकट नाही. अमोनियाच्या जोडीने बोरॉनला बांधून बनलेल्या अमोनिया-बोरेनमध्ये ईथेनइतकेच इलेक्ट्रॉन असतात. तरी ईथेनमधला कार्बन-कार्बन बंध तोडायला मोलमागे सुमारे 375 किलोजूल लागतात, तर इथला बोरॉन-नायट्रोजन बंध 130 च्या आसपास तुटतो. तुटताना जोडी अख्खी नायट्रोजनकडेच राहते आणि अमोनिया जसाच्या तसा मोकळा होतो. ईथेन तुटताना मात्र दोन्ही बाजूंना एकेक इलेक्ट्रॉन जातो. म्हणजे बंधाचा उगम काही ठिकाणी पुसला जातो, काही ठिकाणी टिकतो.

यावरून कोऑर्डिनेट बंध कच्चाच असतो, असे कोणी ठरवू नये. कार्बन मोनॉक्साइडच्या तीन बंधांपैकी एक ऑक्सिजनच्या जोडीचा मानतात, आणि तो रेणू तोडायला मोलमागे सुमारे 1072 किलोजूल लागतात. दोन अणूंच्या रेणूंत इतका बळकट बंध दुसरा नाही. ताकद ठरते ती देणारा कोण आणि घेणारा कोण यावर. हिमोग्लोबिनमधल्या लोहाला ऑक्सिजन कोऑर्डिनेट बंधाने असा जोडला जातो, की पेशींजवळ तो सुटू शकतो. त्याच लोहाला, त्याच जागी, कार्बन मोनॉक्साइड 200 पटींहून अधिक ओढीने चिकटतो. बंद खोलीत पेटत्या कोळशाची शेगडी जीव घेते ती यामुळेच.